दोन पडद्यांचं कार्ड

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सोमनाथनं इरशादसाठी पुण्याहून दोन ग्राफिक्स कार्डं आणली होती, एक स्वस्तातलं, एक भारी. एका कॉम्प्युटरला दोन पडदे जोडायचे तर असं कार्ड लागतं. इरशादचं भोरमध्ये लग्नाच्या सीड्या बनवायचं दुकान. गिऱ्हाईक पाठीशी येऊन उभं राहायचं, "ह्यो आमचा मामा" म्हणत पडद्यावर बोट टेकवायचं आणि काचेवर ठसे ठेवून जायचं. त्याला तो पार विटला होता. आता एक पडदा त्याच्या कामाचा, दुसरा बाकाकडे तोंड करून गिऱ्हाइकांसाठी.

"आधी स्वस्तातलं लावून बघा, न्हाई जमलं तर दुसरं हाय," म्हणत सोमनाथनं कार्ड बसवलं. दोन्ही पडद्यांवर एका नवरानवरीचा फोटो उजळला. इरशाद खूश झाला. सोमनाथ चहा आणायला गेला.

तेवढ्यात आंबवड्याचे कुंडलिक आले. फोटोतली नवरी, सुलक्षणा, त्यांची मुलगी. बरोबर त्यांची थोरली बहीण बाळाबाई होती. आईवेगळ्या सुलक्षणाला तिनंच वाढवलेलं.

"मावशी, बाकावर बसा. फोटो बघा तोवर," इरशाद म्हणाला.

बाळाबाई पदर सावरून पडद्यासमोर बसली. कुंडलिक मात्र वळसा घालून इरशादच्या कानाशी आले.

"आक्का विधवा हाय. तिनं हळद लावलेली सासरच्यांना दिसली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल. आक्का दिसती ते समदं काढा. पर तिला कळू देऊ नका."

इरशादला हे मुळीच आवडलं नाही. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यानं लग्नाचा व्हिडिओ उघडला, आवाज बंद केला आणि कामाला लागला.

बाळाबाई हळद लावत होती, ती गेली. ओवाळत होती, ती गेली. मग सुलक्षणा तिच्या गळ्यात पडून रडताना दिसली. इरशादचा हात थांबला. कुंडलिकांनी मान दुसरीकडे फिरवली आणि म्हणाले, "ते बी."

पलीकडून चकार शब्द येत नव्हता. फोटोत रमली असेल, असं दोघांनाही वाटलं.

सोमनाथ चहाची किटली घेऊन आला आणि बाळाबाईच्या मागेच थबकला.

"इरशादभाई, फसलं की! ह्या कार्डात दोन्हीकडं एकच चित्र येतंय. तुमी करताय ते समदं हितं दिसतंय."

इरशादनं व्हिडिओ तिथंच थांबवला. कुंडलिक तोंड उघडं टाकून पडद्याच्या पाठीकडे बघत राहिले. सोमनाथला काय घडलंय ते कळलं नव्हतं, तो बिचारा घाईनं म्हणाला, "दुसरं लावतो. त्यात तुमचं तुमच्याकडं राहतंय, गिऱ्हाइकाला दिसत न्हाई."

"थांबा वो जरा," बाळाबाई म्हणाली. ती उठून पडद्याजवळ गेली. मांडवातल्या गर्दीत तिनं डोळे बारीक करून काहीतरी शोधलं आणि काचेवर बोट टेकवलं.

"कुंडलिक, ही ऱ्हायली बघ. मांडवाच्या मेढीमागं, पाठमोरी. ही बी मीच हाय."