न थकणाऱ्या पेशी

“जी पेशी म्हातारी होत नाही, तिच्यावर आधी संशय घे, पोरी. शब्द दे.” शेवटच्या आजारपणात मार्गदर्शक बाईंनी हात धरून सांगितलं आणि तिने शब्द दिला. आता प्रयोगशाळेत तिच्या औषधाने म्हाताऱ्यांच्या त्वचेच्या पेशी थकायचं नावच घेईनात. बाईंनंतर तिचं काम पाहणाऱ्या सरांना आकाश ठेंगणं झालं. उद्या शोधाची घोषणा, तिची डॉक्टरेट पक्की. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. तेवढ्यात कॅन्सरच्या पेशी वाढवणारी मैत्रीण हिच्या पेशींना खाऊ घालायच्या पोषणद्रवाची बाटली परत ठेवताना दिसली. “माझी संपली की तुझीच घेते गं. आपली चूल एकच ना!” कॅन्सरची पेशी कधीच म्हातारी होत नाही. ती बाटलीतून आपल्या पेशींत शिरायला एक थेंबही पुरे. “पेशी त्वचेच्याच आहेत ना, तपासते.” “वेडाबाई, उद्या घोषणा आहे!” मैत्रीण म्हणाली. “म्हणूनच आज.” पेशींचा नमुना घेऊन ती तपासणीला निघाली.