कानिफची फटफटी

मोझेसने इंजिनावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. इंजिन गरम होतं.

"वहिनी, गाडी कुणी बाहेर काढली होती?" त्याने विचारलं.

"कुनी न्हाई," राही म्हणाली. गोठ्याच्या मेढीला टेकून ती उभी होती.

बाहत्तर सालचा उन्हाळा. पुणतांब्यापासून लांब, उसातली एकटी वस्ती. फटफटीचा मालक म्हणजे राहीचा नवरा कानिफनाथ. थंडीतच तो गेला. उसात पान लागलं, म्हणजे साप डसला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अग्नी तिकडेच दिला. मोझेस स्वतः तिथे हजर होता. श्रीरामपूरच्या त्याच्या गॅरेजात ही गाडी पहिल्यापासून यायची. आता ती विकायला काढली असेल, असं धरून तो आला होता. राहीचा निरोप मात्र एवढाच होता की आवाज बदललाय, टॅपेट बघून जा.

टॅपेट बसवायचे तर इंजिन गार लागतं. बाजूचं झाकण उघडायचं, आतल्या दोन पुशरॉड, म्हणजे झडपा ढकलणाऱ्या दांड्या, चिमटीत धरून फिरवायच्या. त्या अलगद फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. गरम इंजिनावर हे केलं की सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा वाट बघणं आलं. मोझेस उपड्या घमेल्यावर बसला.

बसल्या बसल्या त्याचं लक्ष राहीकडे गेलं. कपाळ मोकळं होतं, पण मनगटं हिरव्या बांगड्यांनी भरलेली. मोझेस दर रविवारी चर्चला जाणारा, कुणी भुताची गोष्ट काढली की मोठ्याने हसणारा माणूस. आज काही त्याला हसू येईना.

तेवढ्यात घरातून थकलेला आवाज आला. "राहे, कानिफ आला का गं?"

"न्हाई अजून, आत्याबाई," राही अगदी रोजच्या सुरात म्हणाली. "आज सायकलवर गेल्यात. दिस कलला की येत्याल."

मोझेसच्या अंगावर सरसरून काटा आला. तो पिशवी उचलून निघालाच होता. राहीने त्याला हातानेच थांबवलं, गोठ्याच्या पार टोकाला नेलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

आत होती ती तिची सासू, रंगुबाई. डोळे गेलेले, अंथरुणाला खिळलेली. कानिफ तिचा एकुलता एक. म्हातारीचं काळीज धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिला सांगितलंच नाही. भेटायला आलेल्यांना राहीने बांधावरूनच परत लावलं. आता ती रोज संध्याकाळी गोठ्यात गाडी चालू करायची. आधी बारीक, मग आवाज वाढवत नेऊन एकदम बंद. कानिफ आला. सकाळी मोठ्यापासून बारीक. कानिफ गेला. आज गाडी दुरुस्तीला घरी हवी म्हणून सायकलचं सांगितलं, आणि आवाज ऐकून बघायला मघाशीच ती चालू केली होती. रात्रीचं ताट वाढायचं, भांडी वाजवायची आणि सासूला सांगायचं, दमले होते, जेवून झोपले.

"आणि बांगड्या?" मोझेसने विचारलं.

"त्यांचं कान लई तिखट हाय. दिसत न्हाई म्हनून कुंकू लावत न्हाई. पन बांगड्या वाजाय पायजेत."

या गाडीच्या किकने भल्याभल्या गड्यांना लंगडत घरी जाताना मोझेसने पाहिलं होतं. ही एवढीशी बाई रोज दोनदा ती मारत होती. मघाच्या काट्याची त्याला लाज वाटली.

"परवा आत्याबाई म्हनल्या, गाडी येगळी वाजती," राही म्हणाली. "तवापासनं झोप न्हाई मला. त्यांना कळलं तर त्या ऱ्हायच्या न्हाईत, मिस्त्री."

इंजिन गार झाल्यावर मोझेसने जीव ओतून काम केलं. दोन्ही पुशरॉड अशा बसवल्या की किक मारल्यावर गाडी लोण्यासारखी चालू लागली. त्याने मान वर केली. राहीचा चेहरा पडला होता.

"लई गप झाली," ती म्हणाली. "ह्यांची जरा टकटक करायची."

खरंच की. कानिफला टॅपेट बसवून घ्यायला कधी सवड नसायची. मोझेसने इंजिन बंद केलं आणि सायलेन्सरच्या बाजूची पुशरॉड थोडी ढिली केली. पुन्हा किक, पुन्हा थोडी ढिली. चांगलं केलेलं काम आपल्याच हाताने बिघडवायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. शेवटी ती टकटक आली. राहीने डोळे मिटून घेतले.

"ह्येच त्ये," ती म्हणाली आणि चहा टाकायला मागच्या चुलीकडे गेली.

मोझेस हात पुसत म्हातारीला रामराम करायला आत गेला. त्याची चाहूल लागताच रंगुबाईने हात पुढे केला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

"मिस्त्री, माजा कानिफ मेलाय. ठाव हाय मला."

मोझेस तसाच तिच्या अंथरुणाशी खाली बसला.

"गाडी येती, पन पावलं येत न्हाईत. पयल्याच दिवशी वळखलं म्या." तिने चुलीच्या दिशेने कान दिला आणि आवाज आणखी खाली आणला. "राहीला बोलू नगा. तिला वाटतंय त्यो जिता हाय. रोज ताट वाढती त्याला. बाईमानसाला काय फटफटी चालू करता येती व्हय? मेला तरी त्योच येतोय. एक दिस तिला संगं घिऊन जाईल. माजा गेला त्यो गेला, ही पोरगी तरी ऱ्हाऊ द्या. पाया पडते तुमच्या, ती फटफटी कायमची बंद पाडा."