गार बाटली

अकोल्याच्या आमच्या कारखान्यात सरकीच्या तेलाची तापलेली टाकी कुणी उघडत नाही. बाजूच्या सॅम्पलरचं हँडल ओढलं की नळीतून बाटलीभर तेल येतं. मी लॅबमध्ये बसून ते तपासते आणि पास करते. आज पहिल्यांदाच टाकीपाशी गेले. ऑपरेटर सूर्यभानकाकांनी भरलेली बाटली हातात दिली. तेल नितळ होतं, पण बाटली गार. “काका, टाकी तापलीय, मग हे गार कसं?” “नळीत अटकलेलं मागच्या बॅचचं हाय, मॅडम. सुरवातीचे तीन हँडल मी बादलीत सोडत होतो. तुमी नवीन आल्या, तवा खेकसल्या, तेल काहून फेकून राहिले? मंग बंद केलं.” आठ महिन्यांच्या रिपोर्टांवर सह्या माझ्याच. मी हँडल ओढलं, तीनदा बादलीत, चौथ्यांदा बाटलीत. बाटलीने हात पोळला. आत साबणाच्या पाण्यासारखं गढूळ तेल. हे तेल न्यायला आलेला टँकरवाला रिपोर्टसाठी हॉर्न देत होता. काकांनी ती गढूळ बाटली बादलीवर धरली. “मॅडम, आता फेकू?”