रोह्याला गेलेला पेंटियम

हर्षदनं काउंटरवर दोन प्रोसेसर शेजारी शेजारी मांडले आणि उगाचच घसा खाकरला. एक होता काळ्या कवचातला, जाडजूड कॅसेटसारखा. पेंटियम टू. अठ्ठ्याण्णव साली पेणच्या बाजारात त्याच्या वरचं काही मिळत नव्हतं. दुसरा उघडा, हिरव्या पाटीचा. मुळात कमी वेगाचा, पण सेटिंग बदलून ताणला की काळ्याच्या बरोबरीनं पळायचा. पळायचा म्हणजे, तापून बंद पडेपर्यंत.

समोर अपेक्षा उभी होती. रोह्याजवळच्या वरसे गावची, कंपन्यांच्या पाइपलाइनींची ड्रॉइंगं घरी बसून करणारी. दिवसभर कॉम्प्युटरवर रेघा मारायच्या आणि काम संपलं की त्याच्यावरच मोटारींची शर्यत खेळायची, हे तिनं पहिल्याच खेपेला बिनदिक्कत सांगून टाकलं होतं. दोन्ही कामं मशीनला दमवणारी, तेव्हा चांगल्यातला चांगला दाखवा, म्हणाली होती. तेव्हापासून हर्षदचं काही खरं नव्हतं. नवा माल येतोय, जरा थांबा, असं तो प्रत्येक वेळी सांगत राहिला आणि ती चौकशीला रोह्याहून पेणला येत राहिली. दुकानदाराला भाऊ म्हणायची इकडची रीत. तिनं त्याला एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं. तेवढ्या आधारावर या बाबानं मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला होता. तोंडानं मात्र 'मॅडम'च्या पुढं गाडी जात नव्हती.

आज ती मशीन घेऊनच जायचं ठरवून आली होती. टेंपो दारात उभा होता. मशीन एकदा घरी गेलं, की तिला पेणला यायचं काही कारण उरणार नव्हतं.

त्यावर शेजारच्या पापडवाल्या प्रवीणनं सकाळीच तोड काढून दिली होती. "हिरवा दे. उन्हाळ्यात तापंल, अडंल. बाई आपोआप येत राहील." वर हिरवा स्वस्त, म्हणजे गिऱ्हाइकाचंही भलं. हर्षदला ते चटकन पटलं. पटायला काय, माणसाला हवं ते लगेच पटतं.

तर त्यानं हिरव्याचं गुणगान सुरू केलं. कसा चलाख आहे, मुंबईत हल्ली जाणती माणसं असाच ताणून कसा वापरतात, वगैरे. बोलता बोलता त्याला मे महिना दिसायला लागला. ती एस.टी.तून उतरून आलीय, ओढणीनं वारा घेत स्टुलावर बसलीय, आणि तो माठातलं पाणी देऊन मशीनचं झाकण उघडतोय. ते झाकण तो लवकर लावणारच नव्हता.

अपेक्षानं सगळं ऐकून घेतलं. हिरवी पाटी उचलून बघितली, परत ठेवली.

"तुमच्या घरी बसवायचा असता, तर कुठला बसवला असतात?"

आली का पंचाईत. हर्षदला पुन्हा मे महिनाच दिसला, पण या वेळी तिच्या घरातला. ड्रॉइंग अर्धवट, कंपनीचा माणूस दारात खोळंबलेला, पडदा गोठलेला, आणि ती रडकुंडीला आलेली. ती दुकानात येणार नाही हे तो कसंबसं सोसणार होता. हे मात्र त्याच्यानं होईना.

"काळा," तो म्हणाला. "हिरव्याच्या वाटेला जाऊ नका."

मग त्यानं मशीन जोडायला घेतलं. एरवी झटपट हातावेगळं करणारा गडी, आज एकेक स्क्रू पुन्हा पुन्हा घट्ट करत बसला. पंखा फिरतोय ना बघितलं, तारा एका बाजूला बांधल्या. शेवटी तपासणी म्हणून तिलाच शर्यत खेळायला बसवलं. तिनं गाडी सुसाट सोडली, कठड्यावर आपटली, आणि दुकानभर हसली. पडदा एकदाही अडला नाही. एकदा तरी अडावा, असं हर्षदला अगदी मनापासून वाटलं. पण कसचं काय.

खोकी टेंपोत चढली. अपेक्षा ड्रायव्हरशेजारी बसली, आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "बिघडला तर?"

"नाय बिघडणार."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातपण नाय. तुम्हाला परत खेप पडायची नाय."

बोलून बसला. दुकानदार म्हणून एवढं खरं तो आजवर कुणाशी बोलला नव्हता, आणि बोलला तो नेमका इथं.

अपेक्षानं खिडकीतून डोकं आत घेतलं.

"मग एवढा चांगला कशाला दिलात?" ती म्हणाली. आवाज हळू होता, पण ती रागावलेली होती. तिनं ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

टेंपो बाजारातून वळला तरी हर्षद रस्त्यातच उभा. प्रवीण पिठाचे हात पुसत बाहेर आला. मूर्खा, तुला काय सांगितलं होतं आणि तू काय केलंस, अशी त्यानं यथेच्छ खरडपट्टी काढली. शेवटी प्रवीणनंच विचारलं, जाताना काय म्हणाली म्हणून.

"तक्रार हाय तिची."

"आत्ताच? अजून वडखळचा नाकापण आला नसंल."

"व्हय," हर्षद म्हणाला. "उद्या रोह्याला जाऊन यायला लागंल."