अबू सत्तूफची दाद

लमीसने ऊदची शेवटची तार छेडली आणि अख्ख्या हॉलने अबू सत्तूफच्या तोंडाकडे पाहिलं.

तोंड हललं. लोकांनी श्वास रोखले. पण आत पिस्ता होता, तोही लमीसच्याच घरून आलेला. म्हाताऱ्याने तो सावकाश चावला, गिळला आणि गुडघा चोळत बसला.

"झालं," संगीतशाळेचे प्रमुख डॉक्टर हिशाम म्हणाले. "यंदाही कोणी नाही."

उस्ताद रिफअत सर्राज म्हणजे अलेप्पोचा ऊद. त्यांनी मांडीवर ते तंतुवाद्य घेतलं की समोर बसलेले व्यापारी भाव विसरायचे. हे जग सोडताना ते बायकोला एवढंच सांगून गेले, "माझ्या नावाने शिष्यवृत्ती ठेव. परीक्षक-बिरीक्षक नकोत. जो कोणी अबू सत्तूफच्या तोंडून 'अल्लाह' काढील, त्याला दे."

आमच्या अलेप्पोत वाजवणाऱ्याला शेवटी वाजणाऱ्या टाळ्यांचं काही नसतं. सूर काळजात घुसला की ऐकणाऱ्याच्या तोंडून तिथल्या तिथे 'अल्लाह' निघायला हवं. नाही निघालं, तर वाद्य गुंडाळा आणि घरी जाऊन झोपा. आणि हा अबू सत्तूफ, पेशाने मिठाईवाला, उस्तादांचा लहानपणापासूनचा दोस्त, प्रत्येक मैफलीला पहिल्या रांगेत हजर. आजूबाजूचे लोक घायाळ होऊन एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि हा आपला ढिम्म. उस्तादांना उभ्या जन्मात त्याची दाद मिळाली नाही.

तेव्हा शिष्यवृत्ती कुणाला मिळणार, कप्पाळ? दरवर्षी मुलं यायची. घरचे लोक म्हाताऱ्यासाठी खिम्याचे तळलेले कुब्बे आणायचे, चेरीतला कबाब आणायचे. तो सगळं चाटूनपुसून खायचा. तोंड उघडायचं ते तेवढ्यासाठीच. शेवटी डॉक्टर हिशामांनी ठराव करून घेतला की यंदाही कोणी निवडलं गेलं नाही, तर त्या पैशातून हॉलला मखमली पडदे घ्यायचे. रंगसुद्धा त्यांनी पसंत करून ठेवला होता.

लमीसच्या घरीही ठरलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकायचं, नाही तर उद्यापासून चुलत्याच्या वखारीत पिस्ते निवडायला बसायचं.

ती उठेना.

"काका, माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं."

"मग?"

"चांगलं वाजवलंस, पोरी. ओठांवर आलं होतं. गिळलं."

"गिळलं?" डॉक्टर हिशाम म्हणाले. "म्हणजे काय?"

म्हातारा खाली बघत बोलायला लागला. "रिफअतला दिलं नाही, ते हिला कुठल्या तोंडाने देऊ? तरुण होतो आम्ही. सगळं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं. म्हटलं, एकाने तरी गप्प बसावं, नाही तर पोरगा चढेल. मग सवय झाली. मग हट्ट झाला. ऐकताना 'अल्लाह' जिभेवर यायचं, पण ओठ आवळून बसायचो. प्रत्येक वेळी घरी जाताना म्हणायचो, पुढच्या मैफलीत नक्की. एकदा असाच ठरवून गेलो, तर मैफल नव्हती, मयत होती. लाज वाटते मला."

उस्तादांची बायको नाझली खानम खोचायला पदर नव्हता म्हणून हातातली पिशवीच आपटून उभी राहिली. "भावोजी, धन्य आहे तुमची. आम्ही दर मैफलीनंतर घरी आलो की हे बूट काढायच्या आधी मला विचारायचे, 'सत्तूफ काही बोलला का गं?' मी म्हणायची, बोलले असतील हळूच. खोटं बोलायला लावलंत मला जन्मभर. आणि तुम्ही गिळत होतात?"

म्हाताऱ्याने मांडीवरची पिस्त्यांची पुडी चुरगाळली.

लमीसने ऊद पुन्हा मांडीवर घेतला. "काका, मग उस्तादांनाच द्या. मी त्यांचं वाजवते. माझ्याकडे बघू नका, डोळे मिटा."

तिने उस्तादांची ती रचना धरली, जिने ते मैफल संपवायचे. आधी हळू, मग जरा खट्याळपणे, सम जवळ आली की हुलकावणी देऊन पुन्हा मागे फिरायची. अबू सत्तूफचे ओठ घट्ट मिटलेले. तिने तिसऱ्यांदा हुलकावणी दिली आणि म्हाताऱ्याचा बांध फुटला.

"अल्लाह! अल्लाह, रिफअत, अल्लाह!"

मांडीवरचे पिस्ते हॉलभर घरंगळले. म्हातारा लहान पोरासारखा रडत होता आणि नाव घेत होता. मागच्या रांगेतला एक आडदांड खाटीकही डोळे पुसायला लागला.

डॉक्टर हिशामांनी घसा साफ केला. "सगळं हृद्य आहे. पण नियमाने बोलायचं तर दाद लमीसला मिळालेली नाही. नाव घेऊन दिली आहे. उस्ताद रिफअतना. सगळ्यांनी ऐकलं आहे." आणि त्यांनी बिनपडद्याच्या खिडक्यांकडे एकवार पाहून घेतलं.

लमीसने मान खाली घातली आणि ऊद पिशवीत सरकवायला लागली.

"अगदी बरोबर बोललात, डॉक्टरसाहेब," नाझली खानम नाक पुसत म्हणाली. "शिष्यवृत्ती आमच्या ह्यांनाच मिळाली. तसंच लिहा. फक्त ह्यांना आता वर्गात यायला जमायचं नाही, तेव्हा ह्यांच्या जागेवर ह्या पोरीला बसवा."