पॉइंटची जोडी

स्क्रू सुटला. बाबांनी गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, उघडमीट करून ठिणगी पाडणारी धातूची ती जोडी, चिमट्यानं उचलले आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवले. शेजारी नवं किट होतं. चुंबकाची एक कडी, काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी, तिला दोन वायरी.

मुलगी चहाचे कप घेऊन गॅरेजच्या दारात थबकली.

"बाबा, हे काय? इलेक्ट्रॉनिक?"

"हं. स्पार्क चांगला पडतो म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही कधीपासून लोकांचं ऐकायला लागलात?"

बाबा हसल्यासारखं करून पुन्हा बॉनेटखाली वाकले. चौतीस वर्षांत या गाडीत एक नटसुद्धा त्यांनी परका येऊ दिला नव्हता. मामानं एकदा हौसेनं नवा हॉर्न बसवून आणला, तर त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. आणि आज तेच बाबा गाडीचं काळीज काढून तिथं डबी बसवत होते.

ती कालच आली होती, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आठ महिन्यांत घर ओळखू येईनासं झालं होतं. कपाटाचा आईचा कप्पा रिकामा होता. खिडकीतल्या कुंड्या नव्हत्या. ती काल काहीच बोलली नव्हती. आता तिला राहवलं नाही.

"एकेक करून सगळं जुनं काढताय तुम्ही. इतकी घाई कशाची?"

कडी दिव्याच्या उजेडात धरून बाबा तिची खालची बाजू कुठली ते बघू लागले.

"ठेवा ते," ती म्हणाली. "पॉइंट मी लावून देते. दोघांमधली गॅप चार दशांश मिलिमीटर, एवढंच ना? प्रयोगशाळेत याच्या शंभरपट बारीक मोजते मी."

"हो, हो, प्रोफेसरीणबाई. आणि उद्या निघालात की?"

"एकदा लावली की झालं ना?"

"पॉइंट झिजतात गं. दोन महिन्यांत गॅप हलते. परत लावावी लागते. या डबीला गॅपच नसते."

"मग तेव्हा तुम्ही लावा! चौतीस वर्षं तुम्हीच लावलीत ना?"

बाबांनी कडी खाली ठेवली. फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

"मी नाही लावली," ते म्हणाले. "दोघांनी लावली."

तिला कळलं नाही. बाबांनी तिला जवळ बोलावून आत बोट दाखवलं.

"हा मधला दांडा फिरतो. त्याचे हे चार उंचवटे. एक उंचवटा बरोबर पॉइंटखाली आला की ते पूर्ण उघडतात. तेव्हाच गॅप मोजायची. जरा अलीकडे नाही, जरा पलीकडे नाही. त्यासाठी एकानं आत बसून किल्लीला हलकासा झटका द्यायचा, इंजिन एवढंसंच फिरायला हवं. दुसऱ्यानं इथं बघायचं."

"आत आई बसायची?"

"दर वेळी."

तिच्या डोक्यानं सवयीप्रमाणे उपाय शोधायला सुरुवात केली. "इंजिनचा पट्टा धरून हातानं फिरवलं तर?"

"करायचो पूर्वी. आता खांदा ऐकत नाही."

"कुणाला तरी हाक मारायची मग. शेजारचे काका आहेत."

"काकांना काय सांगू? किल्ली अर्धी मार म्हणून? तिला मी काही सांगत नव्हतो. नुसतं 'हं' म्हणायचो. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या झटक्याला उंचवटा वर."

चहावर साय धरली होती. मुलीनं बॉनेटपासून ड्रायव्हरच्या दारापर्यंत नजर नेली. मध्ये पाच-सहा पावलं. बाबांच्या गुडघ्यांनी आणखी जास्त.

"एकट्यानं करून बघितलंत?" तिनं हळूच विचारलं.

"मागच्या महिन्यात." बाबांनी कडी उचलून दांड्यावर बसवली, अंगठ्यानं दाबली. "आत बसायचं, झटका द्यायचा, उतरून इथं यायचं. उंचवटा पुढे गेलेला. परत आत. सव्वीसदा बसलो आणि सव्वीसदा उतरलो. सत्ताविसाव्यांदा बसलो, तेव्हा उतरलो नाही. तिथंच बसून फोनवर हे किट मागवलं."