अंग

“गर्भपिशवी जागेवर बसवली आहे. तीन महिने जड उचललंत, तर पुन्हा खाली येईल,” असं बजावून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. सासूबाईंनी कपड्यांची भरलेली बॅग सुनेच्या हातात कोंबली.

“चल. तीन महिने अंग चोरायची सोय झाली तुझी.”

सुनेने बॅग खाली ठेवली. “अंग चोरलं असतं, तर ते बाहेर आलं नसतं, आई. ओली बाळंतीण होते, तेव्हा भरलेल्या बादल्या जिन्यावरून चढवायला लावल्यात तुम्ही.”

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. सासूबाई लालबुंद झाल्या.

“बादल्यांचं मला नको सांगूस! थोरला झाल्यापासून माझंही अंग बाहेरच आहे. मी धरली का कधी खाट?”